उंच मुलासाठी जुनी बीएमएक्स फ्रेम

मुलांची उंची मोजणे हे आम्हा बालरोगतज्ज्ञांचे नित्यकर्म. त्यामुळे अमेरिकेतील माझ्या सहा फुटी पुतण्याने जुनी बीएमएक्स रेसिंग फ्रेम कशी निवडावी असे विचारले, तेव्हा प्रश्न मला परका वाटला नाही.

हा खेळ १९७०च्या सुमारास दक्षिण कॅलिफोर्नियात मुलांनीच सुरू केला. साहजिकच आरंभीच्या फ्रेम शाळकरी मुलांच्या मापाच्या. वरचा दांडा अनेकदा १८ इंचांच्या आसपास. उंच मुले सीट वर चढवून ही उणीव भरून काढू पाहतात. परंतु ही शर्यत बहुतांशी उभ्यानेच खेळली जाते, आणि उभ्या शरीराला जागा मिळते ती दांड्याच्या लांबीमुळे. दांडा आखूड असला की गुडघे हँडलला लागतात, पाठ वाकते व भार पुढच्या चाकावर जातो. म्हणून आधी दांडा मोजावा. पुढील काळात आलेल्या ‘प्रो’ वा ‘प्रो एक्सएल’ मापाच्या फ्रेम पाहाव्यात, अथवा २० ऐवजी २४ इंची चाकांची ‘क्रूझर’ शोधावी.

नंतर फ्रेमची प्रकृती तपासावी. क्रोमोली पोलाद चिवट असले तरी वर्षानुवर्षे उड्यांचे हादरे सोसून थकते. हँडलखालच्या नळीला दांडे जोडलेले असतात, तेथील वेल्डिंग भिंगातून पाहावे. केसाएवढी भेग वा गंजाची रेघ दिसल्यास ती फ्रेम भिंतीवर टांगावी, शर्यतीत उतरवू नये.

मुलाची वाढ अजून बाकी असेल, तर कपड्यांप्रमाणेच फ्रेमही थोडी वाढत्या अंगाची घ्यावी.