गल्फच्या कमाईतून रत्नागिरीत भाड्यासाठी फ्लॅट घेताय? आधी हा हिशोब मांडा

सुट्टीवर आलेला आपला माणूस दोन गोष्टी हमखास करतो. नात्यातल्या लग्नांना हजेरी लावतो आणि एखादा फ्लॅट बघून येतो. कुवेत, कतार, सौदीतल्या आपल्या बहुतेकांच्या नोकरीला पेन्शन नाही. कायमचे घरी परतल्यावर दरमहा काही हातात यावे म्हणून फ्लॅट घेऊन भाड्याने द्यायचा, हा विचार चुकीचा नाही. मात्र हा हिशोब बिल्डरच्या ऑफिसात बसून करू नये.

एक उदाहरण घेऊ. फ्लॅट 30 लाखांचा. नगरपरिषद हद्दीत मुद्रांक शुल्क 6 टक्के म्हणजे 1 लाख 80 हजार, नोंदणी फी 30 हजार. (घर फक्त महिलेच्या नावावर घेतले तर मुद्रांक शुल्कात 1 टक्का सवलत आहे, पत्नीच्या नावावर घ्यायला हे एक चांगले कारण.) झाले 32 लाख 10 हजार. भाडे 9 हजार धरले तर वर्षाचे 1 लाख 8 हजार. त्यातून सोसायटीचा मेंटेनन्स 18 हजार, एक महिना फ्लॅट रिकामा राहिला तर 9 हजार, घरपट्टी, रंग, गळती मिळून 15 हजार वजा करा. उरले 66 हजार. म्हणजे वर्षाला जेमतेम दोन टक्के! किंमत वाढेल हे खरे असू शकते, पण लहान शहरात गिऱ्हाईक मिळायला वेळ लागतो. मुलीच्या लग्नाच्या वेळी फ्लॅट विकू म्हटले आणि विकला गेला, असे होत नाही. त्यामुळे सगळी पुंजी एकाच फ्लॅटमध्ये अडकवू नये, असे आम्हाला वाटते.

तरीही घ्यायचाच असेल तर भाडेकरूच्या नजरेने बघा. आपल्याला भाट्याचा समुद्र दिसायला हवा असतो. बदलीवर आलेला बँकेचा कर्मचारी, मिरजोळे एमआयडीसीतला कामगार, मेडिकल कॉलेजचा किंवा शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयाचा विद्यार्थी मात्र एसटी, रिक्षा आणि पाणी बघतो. म्हणून मारुती मंदिर, साळवी स्टॉप, नाचणे, स्टेशनजवळचे कुवारबाव या बाजूला फिरा. मोठ्या फ्लॅटपेक्षा वन बीएचके लवकर लागतो. आणि घर दोनदा बघा. एकदा मे महिन्यात, पाण्याचा टँकर लागतो का ते विचारायला. एकदा जुलैत, भिंतींना ओल येते का ते बघायला. कोकणच्या पावसापुढे नवा रंग टिकत नाही.

कागदांत सगळ्यात आधी भोगवटा प्रमाणपत्र मागा. 500 चौरस मीटरपर्यंतच्या जागेवरील किंवा आठपर्यंत सदनिकांच्या इमारतीला महारेरा नोंदणी लागत नाही, आणि आपल्याकडे अशा छोट्या इमारती पुष्कळ. तिथे वकिलाकडून टायटल तपासून घेणे हाच आधार. जमीन वारसाहक्काची असेल तर बहिणींच्या सह्या आहेत का, हे जरूर बघा. त्यांचा हिस्सा डावललेला असेल तर पुढे कोर्टाच्या फेऱ्या आहेतच, आणि शरियतच्या दृष्टीनेही ती जागा साफ नाही. अनिवासी भारतीयाला शेतजमीन विकत घेता येत नाही, वारशाने मिळू शकते. म्हणून प्लॉट घेणाऱ्यांनी तो बिनशेती आहे का ते तपासावे. भावाला मुखत्यारपत्र परदेशातून पाठवले, तर ते भारतात पोहोचल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक शुल्क भरायला विसरू नका.

भाडेकरू ओळखीचा आहे म्हणून तोंडी बोलणी करणे हा आपला जुना आजार. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 च्या कलम 55 नुसार करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा, आणि ती जबाबदारी घरमालकाची. नोंदणी नसेल तर वादात अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे धरले जाते, जोवर उलट सिद्ध होत नाही. खर्च फार नाही: एकूण भाड्यावर 0.25 टक्के मुद्रांक शुल्क (डिपॉझिटवरही थोडे लागते), नोंदणी फी शहरात 1000 आणि ग्रामीण भागात 500 रुपये. करार ऑनलाइन होतो. भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यातही द्या.

मालक अनिवासी असेल तर भाडेकरूने भाड्यातून साधारण 31.2 टक्के कर कापून भरायचा असतो, हे फार कमी लोकांना माहीत आहे. भाडे एनआरओ खात्यात घ्यावे. कर जास्त कापला गेला तर विवरणपत्र भरून परत मागता येतो. घरपट्टी वजा केल्यावर उरलेल्या भाड्यावर 30 टक्के सरसकट वजावटही मिळते.

राहिला हेवी डिपॉझिटचा प्रश्न. मोठी रक्कम घेऊन घर बिनभाड्याने द्यायचे, असे व्यवहार सर्रास चालतात. ती रक्कम परत करायची असल्याने ते कर्ज ठरते आणि त्यावर मिळणारा राहण्याचा फायदा व्याजासारखा होतो, म्हणून अनेक उलेमा त्याला मनाई करतात. जकातही घराच्या किमतीवर नाही. भाड्यातून शिल्लक राहिलेली रक्कम निसाबएवढी असेल आणि वर्ष उलटले असेल तर त्यावर अडीच टक्के. गृहकर्जाबाबत मात्र आपल्या मस्जिदच्या इमामसाहेबांशी किंवा जाणत्या मुफ्तींशी बयाणा देण्याआधी बोला, नंतर नव्हे.