दुनिया डोळ्यांवर, पाय सतरंजीवर

उन्हाळ्याच्या सुट्टीत भाचा पुण्याहून व्हीआर हेडसेट घेऊन जाफरनगरला आमच्याकडे आला. नागपूरचा मे महिना; दुपारी दाराबाहेर पाऊल टाकायची सोय नाही. मुलांनी कूलरसमोर सतरंजी अंथरली. सातवीतल्या आमच्या धाकट्याने रोलर कोस्टरचा खेळ लावला. पाच मिनिटांत चेहरा पांढराफटक, कपाळावर घाम आणि मग उलटी. रात्री त्याने जेवणाला हातही लावला नाही. त्याच हेडसेटमधून दादींनी खुर्चीत बसून समुद्राखालचे मासे पाहिले आणि म्हणाल्या, "अजून थोडं दाखव की, बेटा!" यंत्र एकच, मग फरक कशाचा?

रमण विज्ञान केंद्रातले तारांगण 1997 पासून नागपूरकर पाहत आहेत. घुमटावरचे आकाश फिरू लागले की आपली खुर्चीच फिरते आहे असे वाटते. हेडसेटमध्ये तर घुमट थेट डोळ्यांवरच येतो. डोळे सांगतात, गाडी दरीत कोसळते आहे. कानाच्या आत तोल सांभाळणारे इंद्रिय सांगते, आपण सतरंजीवर बसलो आहोत. दोन साक्षीदारांची जबानी जुळत नाही आणि मळमळ सुरू होते. दादींचा समुद्र स्थिर होता, म्हणून त्यांना त्रास झाला नाही.

डोळ्यांचीही वेगळी ओढाताण होते. भिंगांमुळे पडदा एक-दोन मीटरवर असल्यासारखा दिसतो. खेळातली वस्तू नाकाजवळ आली की बुबुळे आत वळतात, पण नजर मात्र त्याच ठरलेल्या अंतरावर लावावी लागते. त्याने डोळे थकतात.

खेळ बनवणाऱ्यांकडे उपाय आहेत, पण प्रत्येक उपायात थोडी मजा कमी होते. चालण्याऐवजी बोट दाखवून एकदम पुढच्या जागी जाता येते. वळताना चित्राच्या कडा काळ्या करता येतात. चित्राचेही तसेच. 2020 च्या क्वेस्ट 2 मध्ये प्रत्येक डोळ्यासाठी 1832 बाय 1920 ठिपके होते, 2023 च्या क्वेस्ट 3 मध्ये 2064 बाय 2208. चित्र सुधारले, पण डोक्यावरचे ओझे अर्धा किलोच राहिले. शिवाय चित्र फार बारीक ठेवले आणि ते अडखळू लागले तर डोके गरगरते. म्हणून आधी सुरळीतपणा, मग सुबकपणा.

मेटा कंपनीने वयाची अट 13 वरून 10 वर्षांवर आणली आहे, तीही पालकांच्या देखरेखीखाली. सोनीची अट 12 वर्षांची आहे. पण अट पूर्ण झाली म्हणजे शरीर तयार झाले, असे नव्हे. आमचा धाकटाही त्या अटीत बसत होताच.

आता आमच्या घरी नियम ठरले आहेत. एका वेळी पंधरा मिनिटे. भिंगांमधले अंतर आधी बुबुळांशी जुळवायचे. घाम किंवा मळमळ जाणवताच हेडसेट काढायचा. 'सवय होईल' म्हणून रेटायचे नाही. खेळ जागेवर उभे राहून खेळायचा निवडायचा. धाकटा आता 'बीट सेबर' खेळतो. त्यात ठोकळे अंगावर येतात आणि हात खरोखर फिरवावे लागतात. हेडसेट खिडकीत ठेवायचा नाही, कारण भिंगांतून आलेले ऊन पडदा जाळते. आणि जवळ एक मोठे माणूस हवेच.

परवा मगरिबची अजान झाली, धाकट्याला ऐकूच आली नाही. दादींनी हळूच त्याच्या खांद्यावर हात ठेवला. त्याने हेडसेट काढला, डोळे चोळले आणि क्षणभर घराकडे पाहत राहिला.