खाऱ्या शेतीला समुद्राचाच उतारा?

शीळफाटा म्हटले की वाहनांच्या रांगा आठवतात. परंतु या नाक्याजवळच देसाई खाडीला भरती येते आणि येथूनच पनवेलला रस्ता जातो, जेथे कोकण कृषी विद्यापीठाचे खारभूमी संशोधन केंद्र आहे. खाडीकाठच्या भातशेतीला क्षार हा जुना वैरी. पावसाने ते धुपतात. लावणीनंतर त्याने ओढ दिली की पुन्हा वर येतात आणि पाण्यात उभे असलेले रोपही तहानलेले राहते.

अशा शेतीसाठी समुद्रशैवालाच्या अर्काची शिफारस आता होऊ लागली आहे. हा अर्क रूढ अर्थाने खत नव्हे. त्यातील नत्र-स्फुरद नाममात्रच. त्यातील संप्रेरके, बीटेनसारखी द्रव्ये आणि बहुशर्करा मुळांच्या वाढीस चालना देतात, पेशींतील पाणी टिकविण्यास हातभार लावतात. भावनगरच्या केंद्रीय मीठ व सागरी रसायन संशोधन संस्थेने कप्पाफायकस या शैवालाचा रस काढण्याची पद्धत विकसित केली. मिठाचा अभ्यास करणाऱ्या संस्थेने मिठाने गांजलेल्या पिकाच्या कामी यावे, हा योगायोग मोठा मौजेचा!

तथापि शैवालाचा अर्क जमिनीतील कणभरही मीठ काढून टाकीत नाही. तो रोपाची सोशिकता वाढवील. फुटलेला बांध बुजविणार नाही, की नादुरुस्त उघाडीतून शिरणारे भरतीचे पाणी अडविणार नाही. बांधबंदिस्तीची जबाबदारी शासनाची, म्हणूनच १९७९ चा खारभूमी विकास अधिनियम झाला. क्षार सोसणारी पनवेल १, २ व ३ ही भाताची वाणेही उपलब्ध आहेत. बांध, उघाडी आणि बियाणे यांच्यानंतरच बाटलीचा क्रम लागतो.

आणि बाटलीत काय आहे, हे तरी शेतकऱ्याला कोठे कळत होते? जैवउत्तेजके खत नियंत्रण आदेशाच्या कक्षेत आली ती फेब्रुवारी २०२१ मध्ये. तोवर अशी सुमारे तीस हजार उत्पादने बेबंदपणे विकली जात होती, असे केंद्रीय कृषिमंत्र्यांनीच जुलै २०२५ मध्ये सांगितले. छाननीनंतर उरली ती साडेसहाशेच्या आसपास. म्हणजे बाकीच्यांचे पैसे कोणी मोजले, हे सांगावयास नको.

नोंदणी झाली म्हणून प्रत्येक अर्क खाडीकाठच्या चिकणमातीत उपयोगी ठरेल, असे नव्हे. कुंडीतील प्रयोग आणि खाजणातील शेत यांत अंतर आहे. नोंदणीकृत अर्कांची पनवेलच्या खाऱ्या वाफ्यांत, त्याच तीन वाणांवर, पाऊस लांबलेल्या हंगामासह सलग काही वर्षे चाचणी घ्यावी आणि निष्कर्ष खर्चाच्या हिशेबासकट भातलावणीपूर्वी गावोगावच्या ग्रामपंचायतींत लावावेत.