लेणी कोरली कोणी?

आपल्यापैकी बहुतेकांनी कार्ले, भाजे, कान्हेरी किंवा नाशिकचे लेणे एकदा तरी पाहिलेले असते. तेथे गेल्यावर मुलांचा पहिला प्रश्न असतो, "हे कोणी केले?" आणि आसपासचे कोणी तरी हमखास सांगते, "पांडवांनी. एका रात्रीत." नाशिकच्या लेण्यांना तर नावच 'पांडवलेणी' पडले आहे. वास्तविक त्याच लेण्यांतील शिलालेखांत त्या डोंगराचे नाव 'तिरण्हु', म्हणजे त्रिरश्मी असे स्पष्ट कोरलेले आहे. ब्राह्मी लिपीचे कोडे जेम्स प्रिन्सेप यांनी १८३७ साली उलगडले. पुढे पंडित भगवानलाल इंद्रजी व जेम्स बर्जेस यांनी पश्चिम भारतातील लेण्यांतले लेख वाचून १८८१ साली प्रसिद्ध केले. त्यानंतर तरी पांडवांना या कामातून मोकळे करायला हरकत नव्हती. ते झाले नाही, याचे आम्हाला नेहमी वाईट वाटते. कारण पांडवांचे नाव पुढे आले की ज्यांनी खरोखर घाम गाळला, त्यांचे नाव मागे पडते. आणि ती नावे, थोडी का असेनात, तेथे लिहिलेली आहेत.

शोध घ्यायचा तर आधी एक शब्द ध्यानात ठेवावा. पाली-प्राकृतात सुताराला 'वड्ढकी' म्हणतात. विदर्भात आजही सुताराला 'वाढई' म्हणतात, तो हाच शब्द. आपली लेणी समजून घ्यायची तर या वाढयापासूनच सुरुवात केली पाहिजे, पाथरवटापासून नव्हे.

भाज्याचे चैत्यगृह पाहा. ते इ. स. पूर्व दुसऱ्या शतकाच्या सुमाराचे मानले जाते. आतले सत्तावीस अष्टकोनी खांब सरळ उभे नाहीत, ते किंचित आत झुकलेले आहेत. लाकडी मांडवात वरच्या कमानीचा दाब खांबांना बाहेर ढकलतो, म्हणून सुतार खांब आत कलते करतो. दगडात त्याची काहीच गरज नाही. छप्पर म्हणजे अखंड डोंगर आहे, त्याला खांबाने तोलायचे असते कोठे! तरीही कारागिराच्या हाताला जी सवय होती ती त्याने दगडात उतरविली. वरच्या गोल छताला तर खऱ्या लाकडाच्या फासळ्या बसविलेल्या आहेत. दर्शनी भागही पूर्वी लाकडाचाच होता. तो केव्हाच नाहीसा झाला, पण लाकूड बसविण्यासाठी पाडलेली भोके अजून दिसतात.

कार्ल्याचे चैत्यगृह याच्या पुढची पायरी. इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या सुमाराचे हे काम. लांबी सुमारे १२४ फूट, रुंदी आणि उंची प्रत्येकी सुमारे ४५ फूट. एकूण सदतीस खांब. त्यांपैकी दोन्ही बाजूंच्या पंधरा-पंधरा खांबांवर हत्तीवर बसलेल्या स्त्री-पुरुषांच्या जोड्या आहेत, तर स्तूपामागचे सात खांब साधे अष्टकोनी. येथेही छताच्या लाकडी कमानी शिल्लक आहेत. हे सारे वैजयंतीच्या भूतपाल नावाच्या श्रेष्ठीने पूर्ण केले आणि हे शैलगृह जंबुद्वीपात उत्तम आहे, असे त्याच्या लेखात म्हटले आहे. शेठजींचा हा अभिमान आम्हाला मुळीच खटकत नाही. पण आम्ही थांबतो ते दुसऱ्या एका लेखापाशी. धेनुकाकट गावच्या, वेणुवासाचा पुत्र असलेल्या सामी नावाच्या वड्ढकीने या घराच्या दाराचे काम केले, असे त्यात नोंदविले आहे. खांबांवर धेनुकाकटच्याच यवनांची नावे आहेत, भिक्षुणींची आहेत, पण बहुतेक लेखांत शब्द येतो तो 'दान'. सामीच्या बाबतीत शब्द आहे 'कत', म्हणजे केले. दान देणारा आणि हाताने करणारा यांतला हा फरक विद्यार्थ्यांनी लेख वाचताना जरूर पाहावा.

कान्हेरीच्या तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात, म्हणजे मोठ्या चैत्यगृहात, यज्ञश्री सातकर्णीच्या काळचा लेख आहे. गजसेन आणि गजमित्र या व्यापारी भावांनी ते काम करविले. त्या लेखात कारागिरांसाठी जो शब्द आला आहे तो आहे 'सेलवढकी'. शेल म्हणजे दगड, वढकी म्हणजे सुतार. दगडाचा सुतार! दगड घडविणाऱ्याला वेगळा शब्द घडण्यापूर्वीच हे काम सुरू झाले असावे, असे आम्हाला वाटते. त्याच लेखात 'मिठिक' म्हणजे घोटून गुळगुळीत करणारेही आहेत.

सुतारच नव्हे, इतरही कसबी दगडाकडे वळले. छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात कन्नडजवळ पितळखोरा येथे ठेंगण्या, हसऱ्या यक्षाची एक मूर्ती सापडली. तिच्या हातावरच लिहिले आहे की ती कण्हदास नावाच्या सोनाराने केली. दागिन्याची बारीक नजर त्या यक्षाच्या अंगावरच्या माळांत दिसते. मध्य प्रदेशात सांचीच्या दक्षिण तोरणावर विदिशेच्या दंतकारांनी, म्हणजे हस्तिदंताचे काम करणाऱ्यांनी, कोरीवकाम केल्याचा लेख आहे.

आता प्रत्यक्ष कोरण्याविषयी. इमारत पायापासून वर चढते, लेणे छतापासून खाली उतरते. कड्याचा उभा भाग तासून सपाट करायचा, छताच्या उंचीवर आत शिरायचे, आधी छत पूर्ण करायचे आणि मग खाली खाली जायचे. त्यामुळे उंच पाड बांधावी लागत नाही, पायाखालचा दगडच पाड होतो. खांब आणि स्तूप यांच्यापुरता दगड सोडून बाकीचा फोडून बाहेर काढायचा. आपला सह्याद्रीचा काळा दगड कठीण. छिन्नीची धार वरचेवर जात असणार आणि लोहाराचा भाता जवळच पेटलेला असणार. चूक झाली तर तुकडा पुन्हा चिकटविता येत नाही. अजिंठ्याचे चोविसावे लेणे अपुरे राहिले, म्हणून तेथे ही पद्धत पुस्तकाशिवाय कळते. पूर्ण झालेल्या लेण्यात कारागिराने आपल्या खुणा पुसून टाकलेल्या असतात.

पोटासाठी आम्ही बँकेत व्याजाचे आकडे मांडतो, म्हणून नाशिकच्या दहाव्या लेण्यातील एक लेख आम्हाला विशेष जवळचा वाटतो. नहपानाचा जावई उषवदात याने लेणे करवून दिलेच, शिवाय तेथे वर्षावास करणाऱ्या भिक्षूंसाठी ३००० कार्षापण गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणींकडे कायम ठेव म्हणून ठेवले. २००० एका श्रेणीकडे दरमहा शेकडा एक व्याजाने, १००० दुसऱ्या श्रेणीकडे दरमहा शेकडा पाऊण व्याजाने. मुद्दल परत घ्यायचे नाही, फक्त व्याज वापरायचे. हिशेब करून पाहा. दोन हजारांवर वर्षाला व्याज होते २४०. लेख म्हणतो, वीस भिक्षूंना चीवरासाठी प्रत्येकी बारा. वीस बारे दोनशे चाळीस. पैचाही फरक नाही. जुन्नरच्या लेखांतही अशाच ठेवी आहेत, आणि तेथील श्रेणी आहेत 'वसकार' आणि 'कासकार' यांच्या, म्हणजे आपले बुरूड आणि कासार. राजाचा जावई आपला पैसा विणकरांच्या हाती निर्धास्त सोपवितो, ही त्या काळची कारागिरांची पत होती. पुढे याच हातांना समाजाने कोठे नेऊन बसविले, ते या पानांच्या वाचकांना वेगळे सांगायला नको.

लेणी पाहायला जाल तेव्हा सकाळी लवकर जावे. ऊन तिरपे असताना अक्षरे उठून दिसतात. अक्षरांवर खडू किंवा पाणी लावून वाचण्याचा प्रयत्न करू नये. आपले नाव कोरणाऱ्या मुलाला तेथल्या तेथे थांबवावे, मग तो आपल्याच सहलीतला का असेना. कान्हेरीच्या चैत्यगृहात शिरल्यावर दोन्ही बाजूंचे खांब मोजत आत जावे. नक्षी कार्ल्याच्या धर्तीची आहे, पण एका बाजूला सहा आणि दुसऱ्या बाजूला अकरा खांबांपर्यंतच ती पोचते. त्यापुढचे खांब साधे अष्टकोनी आहेत. पैसा संपला असेल किंवा माणसे दुसऱ्या कामावर गेली असतील. सेलवढकींनी काम जेथे सोडले ती जागा मात्र तशीच आहे, तिच्यावर हात ठेवता येतो.