पहिली मोटारसायकल : निवड आणि नियोजन

भारत-सोव्हिएत सहकार्यातून उभारलेल्या भिलाई पोलाद कारखान्याच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते झाले. कारखान्याभोवती सेक्टरांची आखीव वसाहत वाढली आणि पाळीची वेळ गाठणे हा येथील जीवनक्रमच झाला. एकेकाळी हे काम सायकल करीत असे. आज ते बहुतांशी मोटारसायकलकडे आले आहे. नव्याने नोकरीस लागलेल्या तरुणाची पहिली मोठी खरेदी बहुधा हीच असते. म्हणून ती विचारपूर्वक व्हावी.

मध्यम क्षमतेचे वाहन कोणासाठी?

सेक्टरमधील घर ते कारखान्याचे फाटक एवढाच प्रवास असेल, तर १०० ते १२५ सीसीचे वाहन पुरेसे होते व इंधनही कमी लागते. मात्र दुर्ग किंवा रायपूरकडे रोज जी. ई. रोडने जाणाऱ्यास, विशेषतः मागे कोणी बसत असल्यास, अवजड मालमोटारींच्या वाहतुकीत इंजिनाची थोडी राखीव शक्ती हाताशी असणे हितावह ठरते. १५० सीसीचा वर्ग ही गरज भागवितो.

या वर्गात पुण्याच्या बजाज कंपनीने २००१ मध्ये पल्सर आणली. २००४ मध्ये होंडाची युनिकॉर्न आली. पल्सरने तरुणांना वेगाची ओढ लावली, तर युनिकॉर्नने शांत, भरवशाचे वाहन म्हणून नाव मिळविले. मागील बाजूस एकच शॉक ॲब्सॉर्बर असलेली तिची रचना त्या काळी या वर्गात नवीन होती. २०२० मध्ये ती सुमारे १६३ सीसीचे इंजिन, इंधन-इंजेक्शन व पुढील चाकास एबीएस घेऊन नव्या रूपात आली. सुमारे १४० किलो वजन, जवळपास ८० सेंटिमीटर उंचीची बैठक आणि कमी फेऱ्यांवरही ओढ देणारे इंजिन यांमुळे नवशिक्यास ती सांभाळणे सोपे जाते. गर्दीत वारंवार गिअर बदलावा लागत नाही.

तरीही नावापेक्षा अनुभव महत्त्वाचा. खरेदीपूर्वी वाहनावर बसून दोन्ही पाय जमिनीवर नीट टेकतात का, हे पाहावे. अचानक ब्रेक लावल्यास चाक जाम होऊन घसरू नये, यासाठी एबीएस असते. पावसाळ्यात नवशिक्यास त्याचा आधार मोठा.

कर्जाचा खरा दर

व्याजाचा आकडा ऐकताना तो कोणत्या पद्धतीचा आहे, हे अवश्य विचारावे. समजा, ६०,००० रुपयांचे कर्ज तीन वर्षांसाठी १० टक्के दराने घेतले. ‘फ्लॅट’ पद्धतीत पूर्ण रकमेवर तिन्ही वर्षे व्याज आकारले जाते. ते १८,००० रुपये होते व मासिक हप्ता सुमारे २,१६७ रुपये येतो. घटत्या शिलकीवर त्याच दराने हप्ता सुमारे १,९३६ रुपये व एकूण व्याज सुमारे ९,७०० रुपये होते. म्हणजेच १० टक्के फ्लॅट दर हा घटत्या शिलकीच्या सुमारे १८ टक्के दराइतका पडतो.

हप्ता ठरविताना पेट्रोल, देखभाल व विमा यांचा खर्चही जमेस धरावा. कर्ज फिटल्यावर बँकेचे ना-हरकत पत्र व नमुना ३५ परिवहन कार्यालयात सादर करून नोंदणीपुस्तकातील बोजा उतरविण्यास विसरू नये.

विमा व सुरक्षितता

१ सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीस पाच वर्षांचा त्रयस्थ-पक्ष विमा घ्यावा लागतो. त्यातून इतरांच्या हानीची भरपाई होते. स्वतःचे वाहन चोरीस गेल्यास वा मोडल्यास ती मिळत नाही. त्यासाठी वेगळे संरक्षण घ्यावे लागते. वाहनाच्या अंदाजपत्रकातच आयएसआय चिन्हांकित दोन हेल्मेटे धरावीत, कारण मागे बसणाऱ्याचा जीवही तितकाच मोलाचा आहे.

रात्रपाळी संपवून परतणाऱ्याची घरी कोणीतरी वाट पाहत असते. वाहन त्याला सुखरूप घरी पोहोचवील आणि हप्ता घराच्या अंदाजपत्रकात सहज सामावेल, तरच निवड योग्य झाली असे समजावे.