बियाण्यासाठी राखलेले झाड

भंडारा जिल्ह्याला तलावांचा जिल्हा म्हणतात. वैनगंगेचे पाणी, जुने मालगुजारी तलाव आणि धानाच्या बांध्या ही या जिल्ह्याची ओळख आहे. पण बांधीत धान असले, तरी घरामागच्या वाडीत आणखी काहीतरी असतेच. मिरचीची चार झाडे असतात, वांग्याची दोन असतात, मांडवावर वाल चढलेला असतो आणि एका कोपऱ्यात टोमॅटो असतो. आपल्याकडची जुनी माणसे टोमॅटोला 'भेदरे' म्हणतात. तुम्ही घरी 'टमाटर' म्हणता. नाव कोणतेही घेतले, तरी फळ तेच.

हे फळ एकदा आडवे कापून पाहा. आत कप्पे दिसतील. कप्प्यांत बुळबुळीत रस आणि त्यात चपट्या, पिवळसर बिया दिसतील. त्या मोजा. चांगल्या मोठ्या टोमॅटोत शंभराहून अधिक बिया सहज निघतात. घरच्या वाडीला दहा रोपे पुष्कळ झाली. म्हणजे एका फळातून दहा घरांची सोय होऊ शकते, आणि आपण ते फळ रश्श्यात शिजवून टाकतो. शिजवायला तर हवेच! सगळीच फळे बियाण्याला ठेवली, तर जेवायचे काय?

मराठीत 'बी' आणि 'बियाणे' असे दोन शब्द आहेत. उर्दूत बीला 'तुख्म' म्हणतात. फालुद्यात घालतात तो तुखमलंगा तुम्हांला माहीत आहे, त्यातला 'तुख्म' हाच. फळात असते ती बी. पुढच्या पेरणीसाठी निवडून, वाळवून, जपून ठेवले जाते ते बियाणे. या दोहोंमध्ये माणसाची नजर आणि मेहनत असते.

नजर म्हणजे काय, ते दादाजी खोब्रागडे यांच्या उदाहरणावरून समजते. शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यातील नागभीड तालुक्यात नांदेड नावाचे गाव आहे. (मराठवाड्यातील नांदेड शहर वेगळे.) दादाजी तेथील लहान शेतकरी होते. १९८३ साली आपल्या धानात त्यांना काही लोंब्या इतरांपेक्षा वेगळ्या दिसल्या. दुसऱ्या कोणी त्या कापून सगळ्या धानात मिसळल्या असत्या. दादाजींनी त्या बाजूला ठेवल्या, पुढच्या वर्षी वेगळ्या पेरल्या, पुन्हा निवडल्या, पुन्हा पेरल्या. त्यातून बारीक दाण्याचा जो तांदूळ तयार झाला, त्याला लोकांनी त्या काळच्या प्रसिद्ध घड्याळावरून 'एचएमटी' असे नाव दिले. २००५ साली तेव्हाचे राष्ट्रपती डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांच्या हस्ते दादाजींचा गौरव झाला. २०१८ साली त्यांचे निधन झाले. त्यांनी सुरुवात केली, तेव्हा त्यांच्याजवळ प्रयोगशाळा नव्हती. मूठभर लोंब्या वेगळ्या ठेवण्याची बुद्धी होती.

तेच काम मिरची-टोमॅटोच्या बाबतीत तुम्हांलाही करता येते, आणि तेही घरच्या घरी. मात्र एक गोष्ट आधी समजून घ्या. दुकानात दोन प्रकारचे बियाणे मिळते. एक संकरित आणि दुसरे सरळ वाणाचे. दोन वेगळ्या वाणांचा मुद्दाम संयोग करून संकरित बियाणे तयार करतात. पहिल्या वर्षी त्याची सगळी झाडे एकसारखी येतात आणि पीकही भरघोस देतात. पण त्यांच्या फळांतील बी पेरले, तर एक झाड आजीसारखे, दुसरे आजोबांसारखे, तिसरे कोणासारखेच नाही, असा प्रकार होतो. म्हणून संकरित बियाणे दर वर्षी विकत घ्यावे लागते. सरळ वाणाचे किंवा गावरान बी मात्र आपल्या आईवडिलांसारखेच झाड देते. 'पुसा रुबी' हा टोमॅटो आणि 'पुसा ज्वाला' ही मिरची हे सरळ वाण आहेत. संकरित बियाणे वाईट, असे मी म्हणणार नाही. बाजारासाठी भाजी पिकवणाऱ्याला त्याचा उपयोग होतो. पण घरच्या वाडीसाठी, जेथे दर वर्षी पैसे घालण्याची गरज नाही, तेथे गावरान बीच बरे.

आपल्या पवनी तालुक्याला लागूनच नागपूर जिल्ह्यातील भिवापूर आहे. तेथील लाल मिरची फार पूर्वीपासून प्रसिद्ध आहे. या भागात मिरच्यांचे देठ खुडण्याच्या जागेला 'सातरा' म्हणतात. लाल मिरच्यांच्या ढिगाभोवती बसून बाया दिवसभर देठ खुडतात. भिवापुरी मिरचीला भौगोलिक मानांकन मिळाले आहे. म्हणजे ते नाव त्याच भागातील मिरचीला लावता येते. तरीही तिची लागवड पूर्वीपेक्षा पुष्कळ कमी झाली आहे. रोग वाढले, जास्त पीक देणारे संकरित वाण आले आणि शेतकरी तिकडे वळले. मानांकन कागदावर राहू शकते. वाण मात्र कोणीतरी दर वर्षी पेरले, तरच राहते. मिरचीचे बी दोन-तीन वर्षांपेक्षा जास्त काळ नीट टिकत नाही. तेवढी वर्षे कोणीच पेरले नाही, तर पुढे ते कोठून आणणार?

आता प्रत्यक्ष कृती पाहू. टोमॅटो झाडावरच पूर्ण पिकू द्या. मग तो कापून बियांसह गर एका पेल्यात काढा आणि दोन दिवस झाकून ठेवा. त्याला आंबूस वास येईल, वर बुरशीचा पातळ थर धरेल. घाबरू नका. प्रत्येक बीभोवती जो बुळबुळीत थर असतो, तो बीला उगवू देत नाही. आंबल्यामुळे तो सुटतो. नंतर पेल्यात पाणी ओतून ढवळा. भरलेल्या बिया तळाशी बसतात, पोकट बिया वर तरंगतात. तरंगणाऱ्या ओतून द्या. उरलेल्या चाळणीत धुऊन ताटलीत पसरा आणि सावलीत वाळवा. कागदावर पसरल्या, तर त्या कागदालाच चिकटतात. उन्हाळ्यात दोन दिवसही लागत नाहीत. जास्त दिवस ठेवल्यास बियांना पेल्यातच मोड येतात.

मिरचीचे काम सोपे, पण झोंबणारे आहे. झाडावर लाल होऊन सुरकुतलेली मिरची घ्यावी. हाताला आधी तेल लावावे आणि तो हात डोळ्यांना लावू नये. मिरचीचा तिखटपणा बियांमध्ये असतो, असे आपण समजतो. तसे नाही. बिया ज्या पांढऱ्या भागाला चिकटलेल्या असतात, त्या भागात तो तयार होतो. गंमत अशी, की पक्ष्यांना हे तिखट लागतच नाही. पोपट मिरची मजेत खातो, ते त्यामुळेच. रानटी मिरचीच्या बिया पक्ष्यांनीच दूरवर नेऊन टाकल्या. आपल्या देशात मात्र मिरची पोर्तुगिजांच्या जहाजांतून आली. टोमॅटोही तिच्यासारखाच मूळचा अमेरिका खंडातला.

टोमॅटोचे फूल बहुधा स्वतःच्याच परागांनी फळते. मिरचीच्या फुलांवर मात्र मधमाश्या पराग इकडून तिकडे नेतात. शेजारी सिमला मिरची लावली असेल, तर तुमच्या तिखट मिरचीच्या बियांत तिचा अंश येऊ शकतो. या वर्षी ते कळत नाही, पुढच्या वर्षी कळते. यासाठी एका फांदीवर, फुले उमलण्यापूर्वीच, जुन्या मच्छरदाणीच्या कापडाची पिशवी बांधावी. फळे धरली की पिशवी काढून त्या फळांच्या देठांना दोरा बांधावा.

वाळलेली बी वाकवली, तर मोडली पाहिजे. नुसती वाकली, तर ती अजून ओली आहे. कोरड्या काचेच्या बाटलीत चाळलेल्या राखेसह बिया ठेवतात. बाटलीवर वाणाचे नाव, गाव आणि वर्ष लिहावे. ही चिठ्ठी पुष्कळ जण टाळतात आणि जूनमध्ये सगळ्या बिया सारख्याच दिसू लागतात.

बियाणे एकाच घरात असले, तर तेही धोक्याचे. एक उंदीर किंवा एक पूर पुरेसा होतो. अहिल्यानगर जिल्ह्यातील अकोले तालुक्यात कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी वालासारख्या भाज्यांचे अनेक गावरान वाण घरी जमवले आणि इतरांना पेरायला दिले. त्या कधी शाळेत गेल्या नव्हत्या. २०२० सालच्या पद्म पुरस्कारांत त्यांना पद्मश्री जाहीर झाली. काही गावांत अशा बियाणे पेढीची रीत आहे : मूठभर बी न्यावे आणि सुगीनंतर दोन मुठी आणून द्यावे. बी राखण्याचा, पेरण्याचा आणि एकमेकांना देण्याचा शेतकऱ्याचा हक्क २००१ च्या कायद्याने मान्य केला आहे.

पेरणीपूर्वी वीस बिया ओल्या फडक्यात गुंडाळून पाहा. टोमॅटोला आठवड्यात मोड येतात, मिरचीला दहा-बारा दिवस लागतात. पंधरा उगवल्या, तर बियाणे चांगले. आपल्याकडे पाऊस जोराचा पडतो, म्हणून रोपे गादीवाफ्यावर करावीत आणि पाणी साचणार नाही अशा उंच जागी लावावीत. साचलेल्या पाण्यात मिरचीची मुळे लवकर कुजतात.

फळे धरू लागली, की रोज एक फेरी मारा. कोणत्या झाडाची पाने चुरडली नाहीत, कोणते झाड ओझ्याने लवले तरी ताजेतवाने आहे, ते पाहा. त्या झाडाला लाल चिंधी बांधा आणि घरात सर्वांना, विशेषतः स्वयंपाक करणाऱ्यांना, सांगून ठेवा, की या झाडाची फळे तोडायची नाहीत.