खुब्यांतील कूर्चा आणि तिच्या पेशी

मुळशी खोऱ्यांत आषाढाच्या पावसांत भातलावणी सुरू झाली कीं बायामाणसांचे दिवसचे दिवस चिखलांत वांकून जातात. पन्नाशी ओलांडलेल्या एकाद्या शेतकऱ्याला याच सुमारास खाचराच्या बांधावर पाय टाकणें जड वाटूं लागतें. पुढें उकिडवें बसवत नाहीं, मांडी घालवत नाहीं. आणि दुखतें कोठें असें विचारलें तर तो पुष्कळदां गुडघ्यावर हात ठेवतो. घरचीं माणसें गुडघ्यास तेल चोळीत राहतात. दुखणें मात्र हातभर वर, जांघेच्या आंत, खुब्याच्या सांध्यांत असतें. दोन्ही सांध्यांना कांहीं मज्जातंतू सामाईक असल्यामुळें ही फसगत होते.

झिजेचा हा संधिवात आपल्या देशांत गुडघ्यांत फार आढळतो, खुब्यांत त्या मानानें कमी. परंतु दीर्घकाळ शेती केलेल्यांना खुब्याचा विकार इतरांहून पुष्कळ अधिक होतो, असें इंग्लंडांतील १९९२ सालच्या एका पाहणींत दिसून आलें. 'झीज' हा शब्द मात्र थोडा दिशाभूल करणारा आहे. वहाणेचा तळ झिजतो तशी कूर्चा झिजत नाहीं. ती जिवंत आहे.

मांडीच्या हाडाचा वरचा गोळा कमरेच्या हाडांतील वाटींत फिरतो, आणि दोहोंवर कूर्चेचा गुळगुळीत पांढरा थर असतो, जेमतेम कांहीं मिलिमीटर जाडीचा. साध्या चालण्यांतहि या सांध्यावर शरीराच्या वजनाच्या सुमारें अडीचपट भार पडतो. कूर्चेंत रक्तवाहिनी नाहीं, मज्जातंतू नाहीं. बराचसा भाग पाण्याचाच. तें पाणी धरून ठेवणारे रेणू आणि त्यांना जखडणारे कोलॅजनचे तंतू, हा सगळा संसार ज्या पेशी चालवितात त्यांनीं व्यापलेली जागा शेंकडा दोनच्या आसपास! त्यांचें अन्न सांध्यांतील द्रवांतून झिरपत येतें. निरोगी कूर्चेंत पृष्ठभागाजवळच्या पेशी चपट्या, मधल्या गोलसर आणि खोल थरांतील उतरंडीसारख्या एकावर एक रचलेल्या असतात.

आकाराचा कामाशीं संबंध काय, हें बेन्या आणि शाफर यांनीं १९८२ सालीं सशाच्या पेशींवर दाखविलें. भांड्याच्या तळाशीं वाढविलेल्या पेशी पसरट झाल्या, आणि कूर्चेचें खास कोलॅजन सोडून भलत्याच जातीचें कोलॅजन बनवूं लागल्या. त्याच पेशी मऊ खळींत तरंगत ठेवतांच पुन्हा गोल झाल्या व आपल्या मूळ कामाला लागल्या.

रुग्णाच्या सांध्यांत काय घडतें? एडिंबरो येथील बुश आणि हॉल यांनीं २००३ सालीं गुडघ्यांतील कूर्चा चमकत्या रंगांनीं रंगवून लेसरच्या सूक्ष्मदर्शकाखालीं पाहिली. कित्येक पेशींना बोटांसारखे फांटे फुटलेले होते. आणि डोळ्यांस धड दिसणाऱ्या कूर्चेंतहि तशा पेशी सांपडल्या. पुढें २०१८ सालीं मांडीच्या हाडाच्या गोळ्यांवर असेंच काम प्रसिद्ध झालें: किंचित् बिघडलेल्या कूर्चेंत पेशींचे पुंजके व बदललेले आकार दिसतात. म्हणजे पृष्ठभाग फाटण्याच्या पुष्कळ आधीं आंत कांहीं तरी चुकूं लागलेलें असतें. पेशीभोंवतींचें वेष्टन सैल पडल्यामुळें ती पसरते, कीं पेशीच बिघडल्यामुळें वेष्टन सैल पडतें, हा वाद मिटलेला नाहीं.

एकदां नासलेली कूर्चा भरून येत नाहीं, असें विल्यम हंटर यानें १७४३ सालींच लिहून ठेविलें होतें. तेलानें स्नायूंना ऊब मिळते, बरें वाटतें. या पेशींपर्यंत तें पोंचत नाहीं. काठीचा उपयोग त्याहून मोठा. पण बहुतेक लोक ती दुखऱ्या बाजूलाच धरतात आणि निम्मा लाभ गमावतात. उजवा खुबा दुखत असेल तर काठी डाव्या हातांत हवी. तिच्यावर दिलेला थोडासा जोरहि खुब्यावरील भार पुष्कळ उतरवितो.

दुखणें असह्य झाल्यावर उरतो तो कृत्रिम सांधा. त्याला आजचें टिकाऊ रूप जॉन चार्नली यानें इंग्लंडांत १९६२ च्या सुमारास दिलें. त्यानें वेदना बहुधा जाते. मात्र उकिडवें बसण्यास व मांडी घालण्यास शल्यवैद्य पुष्कळदां मनाई करतात, आणि खाचरांत वांकून जन्म काढलेल्या माणसाला होकार देण्यापूर्वीं तेवढ्यासाठीं चार दिवस विचार करावा लागतो.